नावेतला पाठमोरा माणूस

माझे यजमान मुलांच्या मासिकासाठी चित्रकथा काढायचे. पानावर चौकटी आखायच्या, चौकटीत चित्रं काढायची, माणसांच्या तोंडाजवळ फुगे आणि फुग्यात त्यांचं बोलणं. आता त्याला कॉमिक्स म्हणतात. शेवगावात त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण पोटासाठी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मीही इथं मास्तरच म्हणेन. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला लागली नाही, आणि आता या वयात लावून घ्यायची नाही.

नगरला त्यांचा सत्कार झाला, तेव्हा तिथली चित्रं काढणारी मुलं मला म्हणाली, तुम्ही मास्तरांच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला चित्रातलं काय कळतं. ती म्हणाली, घरात जे पाहिलं ते लिहा. तेवढंच लिहिते. त्यांच्या एका गोष्टीचा शेवट कायमचा गेला. तो जाण्यात माझा हात आहे, तेही लिहिते.

लग्न होऊन मी सोनईजवळच्या आमच्या वस्तीवरून शेवगावात आले. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी मला जमिनीवर बसवलं आणि पुढ्यात आठ कागद मांडले. पेन्सिलीची चित्रं होती, फुगे कोरे होते. म्हणाले, यात काय चाललंय ते सांग. मला वाटलं, शिकलेली बायको मिळाली नाही म्हणून माझी परीक्षा घेतायत. मी घाबरत सांगू लागले. हा चिडलाय. हा पळतोय. ही बाई पदराखाली काहीतरी लपवतेय. तिसऱ्या कागदावर अडले. एक म्हातारा दारात उभा होता, आणि पुढच्या चौकटीत तो विहिरीवर होता. मधे काय झालं ते मला कळेना. मास्तरांनी तो कागद उचलला, खोडरबर घेतला आणि अख्खं पान पुसून टाकलं.

तेव्हा समजलं की परीक्षा माझी नव्हती.

पुढं वीस वर्षं दर महिन्याला हेच. सकाळी शाळेत जायच्या आधी ते पानं मांडायचे, मी भाकरीचे हात धुऊन यायचे आणि चित्रात दिसेल ते बोलायचे. जिथं अडेन तिथं ते पुसायचे. मी "कळलं" म्हटलं की मगच शाई. शाईनं रेषा झाल्या की केस, सावल्या, म्हशी, असलं काळं भरायचं काम माझं. मग पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे पानं बांधून एसटीनं पार्सल जायचं. मी कधी "छान आहे" म्हटलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

यात एक नियम होता. गोष्ट पुढं कुठं जाणार ते मला सांगायचं नाही. गोष्ट ते कुठं लिहूनही ठेवत नसत, सगळी डोक्यात. सुरुवातीला मला उत्सुकता होती. एकदा विचारलं, या राणीचं शेवटी काय होतं. म्हणाले, "सांगितलं तर तुझे डोळे बाटतील. मग तू चित्र बघणार नाहीस, तुला माहीत आहे ते बघशील." मला ते पटलं. तेव्हापासून मी विचारायचं सोडलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

एकदा मी खोटं बोलले होते. माहेरची माणसं आली होती, चुलीवर दूध होतं, मी पानांवरून नुसती नजर फिरवली आणि "कळलं" म्हटलं. अंक छापून आला. मग मुलांची पोस्टकार्डं येऊ लागली, घोडा नदीच्या अलीकडे होता तो पलीकडे कसा गेला. मास्तर रागावले नाहीत. जेवायला बसलं की एकेक कार्ड मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यानंतर चुलीवर काही ठेवून मी पानांपुढं कधी बसले नाही.

आता त्यांचं काम कसं होतं ते सांगते. त्यांच्या चित्रातल्या कुणाचेही हात रिकामे नसत. राजवाड्यातली दासी बोलत असली तरी बोलता बोलता तांदूळ निवडत असे. प्रधान चिंतेत असला तर उपरण्याचा दोरा ओढत बसे. बैल त्यांना फार चांगले जमायचे. घोडे बरे. सिंह वाईट, कारण सिंह त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांचा सिंह आमच्याकडच्या वळूसारखा दिसायचा आणि रवंथ करेल असं वाटायचं. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी सिंहाची गोष्ट केली नाही.

चेहरे ते बाजारातून आणायचे. शेवगावच्या बाजारात भाजी घ्यायला त्यांना पाठवलं की भाजी विसरायची आणि चार चेहरे घेऊन यायचे. कापसाच्या एका अडत्याला त्यांनी दरोडेखोरांचा सरदार केला. मिशी, मस, सगळं जसंच्या तसं. अडत्याच्या नातवानं अंकात आजोबा ओळखले. तो माणूस अंक घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा मी आतून कडी लावावी का, अशा विचारात होते. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, सरदार केलं ते ठीक हाय. पर मंग घोडं असलं मरतुकडं का दिलं?" पुढच्या महिन्यात मास्तरांनी त्याला चांगला घोडा दिला.

शेवटची मोठी गोष्ट धरणाची होती. एक गाव पाण्याखाली जाणार असतं. सगळे गाव सोडून निघतात, आणि दहा वर्षांची एक मुलगी मागं राहते. ती का राहते तेही लगेच सांगितलेलं नव्हतं. त्या गोष्टीसाठी मास्तर मला घेऊन भंडारदऱ्याला गेले. आयुष्यात आम्ही दोघं मिळून केलेला तेवढाच प्रवास, बाकी सगळी लग्नं आणि मयती. लोक तिथं पाणी बघायला जातात, आम्हीही पाणीच बघितलं, पण मास्तरांनी ते दोन दिवस बघितलं. एका नाववाल्याला त्यांनी सारखं पुढं-मागं करायला लावलं आणि काठावर बसून काढत राहिले. मी कंटाळून गेले. दुसऱ्या दिवशी एकदम माझा दंड धरून म्हणाले, बघ, वल्हवणारा माणूस जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसतो. नाव काठाला लागेपर्यंत आपल्याला त्याचं तोंडच दिसत नाही. मी म्हटलं, मग? ते पुन्हा कागदाकडं वळले, पण दिवसभर खूश होते.

मासिकात जो भाग शेवटचा छापला गेला, त्याच्या शेवटच्या चौकटीत गाव बुडालेलं आहे. देवळाचा नुसता कळस पाण्यावर आहे, मुलगी कळसाला धरून उभी आहे. लांबून एक नाव येते आहे. नावेतला माणूस पाठमोरा आहे.

पुढच्या महिन्यात मासिकाच्या मालकांचं पत्र आलं, की मासिक बंद करत आहोत. पत्र आलं त्या दिवशी पुढच्या भागाची आठ पानं पेन्सिलीनं काढून झाली होती. ती पानं त्यांनी माझ्यापुढं मांडली नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. मुलांची कार्डं बरेच महिने येत राहिली. ती मुलगी वाचते का, नावेत कोण आहे. मास्तर ती वाचायचे आणि खिडकीत ठेवायचे.

आता माझं सांगते. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. वीस वर्षं मी सकाळी भाकरी टाकून कागदापुढं बसले होते. बोटांची काळी शाई निघत नव्हती, हळदीकुंकवाला बायका बोटांकडं बघायच्या. मला त्या मुलीचं काय झालं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पानं कुठं ठेवली हे मला माहीत होतं. मासिक बंद झालं, म्हणजे नियमही संपला होता. आता विचारलं असतं तर डोळे बाटायचा प्रश्न नव्हता. मी विचारलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि मग ती गोष्ट होती हेच मी विसरून गेले.

त्यानंतर मास्तरांनी शाळेचे तक्ते केले, आरोग्य खात्याची भित्तिचित्रं केली, पुण्याच्या एकदोघा प्रकाशकांसाठी छोटी पुस्तकं केली. त्यात गोष्ट दुसऱ्याची असायची. माझ्यापुढं पानं मांडायची गरज नव्हती. स्वतःची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी चहा पिऊन पुन्हा मागायचे, मग सकाळी पिशवी घेऊन शाळेत निघायचे. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार. आणि अशा वेळी सत्काराचं बोलावणं आलं. कुणाला तरी जुने अंक सापडले होते. पानं मोठी करून सगळ्या भिंतींवर लावली होती. भाषणं झाली. एकजण म्हणाला, मास्तरांच्या रेषेला मातीचा वास आहे. रेषेला शाईचा वास असतो, तो वीस वर्षं माझ्या हाताला होता. मास्तर शाल घेऊन नीट बसले होते. कुणी समोर आलं की हात जोडायचे. त्यांना काही कळत नाही हे बघणाऱ्याला समजलं नसतं.

शेवटी कुणाला काही विचारायचं का, असं कार्यक्रम करणारे माईकवर म्हणाले. मागून एक माणूस उठला. पन्नाशीच्या पुढचा, पांढरा शर्ट. सोनईला खता-बियाण्याचं दुकान आहे म्हणाला. त्यानं एवढंच विचारलं, की त्या नावेत कोण होतं.

मास्तर हसले आणि त्यांनी त्याला नमस्कार केला. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या माणसानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

कार्यक्रम सुटल्यावर त्यानं मला जिन्यापाशी गाठलं. "काकू, मास्तरांच्या ध्यानात न्हाई का?"

मी म्हटलं, नाही.

"तुमाला तर ठावं असंल."

मग त्यानं सांगितलं. ते तिघं भाऊ. त्यांच्या वस्तीवर मासिक यायचं नाही, शाळेतले गुरुजी आपला अंक एक दिवसासाठी द्यायचे, तिघं पालथे पडून वाचायचे. थोरला म्हणायचा, नावेत तिचा बाप हाय. मधला म्हणायचा, कुणीच न्हाई, भूत हाय. यावरून दोघांची मारामारी व्हायची. मोठे झाले, लग्नं झाली, तरी दिवाळीला तिघं एकत्र आले की हा विषय निघायचाच. "आता दोघंबी गेले," तो म्हणाला. "मी एकलाच ऱ्हायलोय. मला फकस्त कळू द्या."

मी म्हटलं, घरी जाऊन बघते. का म्हटलं कोण जाणे. मला शब्द द्यायची सवय नाही.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. वर्तमानपत्र पिवळं पडून कागदाला चिकटलं होतं, ते पाण्याच्या हातानं सोडवलं. पेन्सिल फिकी झाली होती, तरी दिसत होती. आधी मी एकटीनं बघितली. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा. नाव जवळ येते. मुलगी ओरडत नाही, हात हलवत नाही, नुसती बघते. पाण्यावरून एक टोपली वाहत जाते. नाव कळसाला लागते. माणूस अजून पाठमोराच आहे, वल्हं आत घेतो आहे. शेवटच्या चौकटीत नुसता मुलीचा चेहरा आहे. माणूस वळलेला आहे आणि तिनं त्याचं तोंड पाहिलेलं आहे. तिनं पाहिलेलं आहे, आपण नाही. कुठंही अडले नाही मी. सगळं कळलं, फक्त तो कोण ते नाही. ते पुढच्या भागात होतं, आणि पुढचा भाग मास्तरांच्या डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांचं डोकं सकाळी जरा बरं असायचं, मी त्यांना दिवाणावर बसवलं आणि पुढ्यात आठ पानं मांडली. म्हटलं, "यात काय चाललंय ते सांगा."

ते वाकून बघू लागले. बोट ठेवत ठेवत सांगू लागले. गाव बुडालंय. पोर एकटी आहे. घाबरलीय पण दाखवत नाही. टोपलीपाशी थांबले आणि म्हणाले, "काढणाऱ्याचा हात चांगला आहे. पाणी बघ कसं काढलंय." त्यांच्या तोंडून स्वतःच्या कामाचं कौतुक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटच्या चौकटीवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं.

"तिला तो ओळखीचा आहे," म्हणाले.

"कोण हाय?"

"ते पुढच्या पानात असेल. पुढचं पान आण."

"पुढचं पान तुमी काढायचं हुतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शाळेतली पोरं फळ्याकडं बघतात तसं. मग पुन्हा म्हणाले, "तू आण की पुढचं. इथं का थांबवलंय?"

मी नंतरही चारपाच वेळा पानं मांडली. दर वेळी ते नव्यानं वाचायचे, कुठं अडायचे नाहीत, आणि शेवटी पुढचं पान मागायचे. एकदा तर चिडले, अर्धी गोष्ट आणून देतेस म्हणून. सोनईच्या माणसाचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, बघतेय.

मग एका सकाळी मी त्यांची दाढी करत होते. एका गालाची झाली होती. एकदम स्वच्छ आवाजात, शाळेतल्यासारखे, ते म्हणाले, "धरणाची पानं बाहेर काढलीस तू."

मी वस्तरा पाण्यात बुडवला. म्हटलं, "व्हय."

"तेव्हा नाही बघितलीस."

"तुमी मांडलीच न्हाईत."

"तू मागितली नाहीस."

मी म्हटलं, "आता इचारते. नावंत कोण हुतं?"

त्यांनी डोळे मिटले. खरंच आठवायला बसले होते. फेस गालावर वाळत चालला होता. मग म्हणाले, "मला माहीत होतं. बरीच वर्षं माहीत होतं."

"मंग?"

"मग काय. कुणी विचारलं नाही."

मी दुसरा गाल केला. तोंड पुसलं तोवर ते चहा मागत होते, चहा पिऊन झालेला होता.

त्यानंतर ते पाच महिने होते. पानं मी पुन्हा मांडली नाहीत. शेवटी शेवटी ते मलाही ताई म्हणायचे, कोणती ताई ते देव जाणे. श्रावणात गेले. दहाव्याला शाळेतले जुने विद्यार्थी आले, त्यात पिकल्या मिशांचेही होते.

महिना झाल्यावर मी सोनईच्या माणसाला फोन करून बोलावलं. तो मोटारसायकलवर आला, शेंगा घेऊन आला होता. ओट्यावर बसला. मी आठ पानं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्याला काही विचारलं नाही. तो स्वतःच वाचू लागला, हळू, ओठ हलवत, फुगे कोरे होते तरी. शेवटचं पान झाल्यावर ते त्यानं उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

मी म्हटलं, पुढचं काढलेलं नाही.

"पर मास्तरांनी तुमाला सांगितलं असंल की."

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"मी इचारलं न्हाई."

"तवापास्नं चाळीस वर्सं एका घरात ऱ्हाऊन?"

"व्हय."

तेव्हा मला सुचलं नव्हतं असं नाही. नावेत बाप होता, मास्तरांनी मला सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तर तो माणूस समाधानानं घरी गेला असता. थोरल्या भावाचं खरं झालं असतं. पण ते तोंड मी कागदावर पाहिलेलं नाही. मी चित्रात दिसतं तेवढंच सांगत आले.

चहा केला होता. त्यानं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. पानं एकावर एक नीट लावली, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुम्ही घेऊन जा, माझ्यानंतर ती रद्दीत जातील. तो उठून मोटारसायकलपाशी गेला होता, तिथूनच म्हणाला, "नगं काकू. माझ्याकडं असली तर मला रोज बघावी लागतील."